आजी स्वर्गात गेल्या की वैकुंठात? आणि मग पिंड कशाला?

माऊली, प्रश्न वाचला. उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

इतरांना कळावं म्हणून प्रश्न थोडक्यात परत लिहितो. तुमचं गाव पलूसच्या बाजूला, आजी माळकरी, कार्तिकीची वारी त्यांनी कधी चुकवली नाही, आणि आता त्या गेल्या. उत्तरकार्याच्या कार्डावर काका म्हणतायत 'कैलासवासी' छापा, आत्या म्हणतायत 'वैकुंठवासी'च पाहिजे. त्यात कुणीतरी येऊन सांगून गेलं की दक्षिणायनात गेल्या, वद्य पक्ष, अमावास्या तोंडावर, म्हणजे गती मिळायची नाही, शांत करा. घरातल्या बायका तेव्हापासून रडतायत. तुमचा स्वतःचा प्रश्न वेगळाच आहे, की वैकुंठ खरंच कुठं आहे का, ते आणि स्वर्ग एकच का, आणि आजी तिथं पोचली असेल तर मग दहाव्याला पिंड कुणासाठी ठेवायचा. शेवटी माळेचंही विचारलंय.

मी कराडकडचा. सातारा-सांगलीत तेराव्याची, वर्षश्राद्धाची कीर्तनं बरीच वर्षं करतोय. कीर्तन संपल्यावर चहा घेताना हळूच जवळ येऊन लोक जे विचारतात त्यात हाच प्रश्न सगळ्यात जास्त असतो, फक्त विचारताना म्हातारी माणसं लाजतात आणि तरुण पोरं चिडून विचारतात एवढाच फरक.

आधी स्वर्गाचं मिटवून टाकू. स्वर्ग आणि वैकुंठ एक नाहीत, अजिबात नाहीत. आपण बोलताना "स्वर्गवासी झाले" म्हणतो ते आदरानं म्हणतो, ठीक आहे, पण शास्त्राच्या हिशोबात स्वर्ग ही काही फार मोठी जागा नाही. संध्या करणाऱ्याला भूः भुवः स्वः महः जनः तपः सत्यम् हे सात लोक पाठ असतात, त्यात स्वर्ग तिसरा. त्याच्या वर अजून चार. आणि खाली अतळापासून पाताळापर्यंत सात, असे चौदा. हे चौदाच्या चौदा लोक काळाच्या तडाख्यात आहेत. गीतेच्या आठव्या अध्यायात भगवंत सरळ सांगतात की ब्रह्मलोकापर्यंतचे सगळे लोक परत फिरायला लावणारे आहेत, मला येऊन मिळाला की मात्र पुन्हा जन्म नाही. इंद्राची गादी तरी किती काळाची, तर एका मन्वंतराची, साधारण ७१ चौकड्या, चार युगं मिळून एक चौकडी. एक चौकडी ४३,२०,००० वर्षांची धरली तर ३० कोटी ६७ लाख २० हजार वर्षं होतात. आकडा ऐकून माणूस गप्प होतो, पण ब्रह्मदेवाच्या एका दिवसात असे चौदा इंद्र येऊन जातात. म्हणजे तिथला राजाच जिथं टेंपररी आहे तिथल्या रहिवाशाचं काय सांगायचं.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात तर ज्ञानेश्वर माऊलींनी स्वर्गाची इतकी हजेरी घेतलीये की कीर्तनात ती ओवी म्हणताना समोर आयाबाया बसलेल्या असल्या की मी जरा आवाज खाली घेतो. यज्ञ करून स्वर्ग मिळवणाऱ्याचं पुण्य संपलं की इंद्रपणाची उटी उतरते आणि तो मृत्युलोकात माघारी येतो, आणि त्याची गत कशी, तर वेश्येकडं पैसे संपलेल्या माणसाला मग तिचं दारही ठोठावता येत नाही तशी. ज्ञानोबांनी लिहिलंय हे, मी नाही. त्याच्या जरा आधी तर ते म्हणतात की "स्वर्गा पुण्यात्मकें पापें येइजे", म्हणजे स्वर्गाला जायचं तेसुद्धा एक पापच, फक्त पुण्याचा वेष घातलेलं, कारण देवाला सोडून भोगाच्या मागं लागलो. आता मला सांगा, ज्या बाईनं आयुष्यभर ही ज्ञानेश्वरी ऐकली तिला आपण स्वर्गात कशाला पाठवतोय.

आता वैकुंठ. "खरंच कुठं आहे का" ह्याचं उत्तर कुठल्या ग्रंथाचा आधार घेता त्यावर आहे, आणि सगळे ग्रंथ एकच सांगतात असं कुणी म्हणालं तर त्यानं ते वाचलेले नाहीत असं खुशाल समजा. सगळ्यात जुनं म्हणजे ऋग्वेद, तिथं विष्णूचं 'परम पद' आहे, तीन पावलांपैकी सगळ्यात वरचं, तिथं मधाचा झरा आहे आणि मोठ्या शिंगांच्या गाई फिरतात. बास, एवढंच वर्णन. पुढं पुराणांनी ते भरलं. भागवताच्या आठव्या स्कंधात आहे की रैवत मन्वंतरात शुभ्र आणि विकुंठा ह्या जोडप्याच्या पोटी भगवंत आले आणि लक्ष्मीच्या इच्छेसाठी त्यांनी वैकुंठ लोक रचला. आणि त्याच भागवताच्या दुसऱ्या स्कंधात ब्रह्मदेवाला जे वैकुंठ दिसतं तिथं काळाचा शिरकावच नाही, माया नाही. एकीकडं रचलेलं, दुसरीकडं काळाच्या बाहेरचं. टीकाकारांनी ह्याचा मेळ घातलाय, रचलं म्हणजे प्रकट केलं वगैरे, ते सोडा.

पण वाचायचंच असेल तर तिसऱ्या स्कंधाचा पंधरावा अध्याय वाचा. सनकादिक चौघे, म्हणजे ब्रह्मदेवाची कायम लहान राहिलेली चार मुलं, वैकुंठाला जातात तो. आपल्याकडं सिरियलमुळं लोकांच्या डोळ्यापुढं ढग, सोन्याचे खांब आणि निळा लाईट येतो, आणि भागवतात काय आहे तर बाग आहे, तळी आहेत, कबुतरं, कोकिळा, हंस, मोर, तित्तर यांचा दंगा चाललाय आणि भुंग्यांचा राजा गुणगुणायला लागला की हे सगळे पक्षी गप्प बसतात कारण त्यांना वाटतं हरिकथा चालू झाली. मंदार, कुंद, चाफा, कमळ असली एकाहून एक वासाची फुलं तिथं आहेत पण ती सगळी तुळशीला मानतात, कारण देवानं गळ्यात घातली तुळस. आणि लक्ष्मी, जिच्यासाठी जग मरतं, ती तिथं हातात कमळ घेऊन अशी वावरते की स्फटिकाच्या भिंतीत बघणाऱ्याला वाटावं ही घर झाडतीये. बागेत दासींना घेऊन तुळशीनं देवाची पूजा करते ती. हे सांगितलं की पुढं बसलेल्या म्हाताऱ्या एकमेकींकडं बघून हसतात. झाडलोट, तुळस, हरिकथा. म्हणजे त्यांच्या घरात रोज जे चाललंय तेच.

ह्याच अध्यायात पुढं सहा दरवाजे ओलांडून गेल्यावर सातव्या दाराशी जय-विजय हे द्वारपाल त्या पोरांना अडवतात आणि शाप होतो. इथं हमखास कुणीतरी विचारतंच की वैकुंठातनं परत येणं नाही म्हणता मग हे दोघं कसे पडले, हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, मग रावण-कुंभकर्ण, मग शिशुपाल-दंतवक्र, तीन तीन जन्म. प्रश्न बरोबर आहे. भागवताचं उत्तर असं की पुण्य संपलं म्हणून ते पडले नाहीत, भगवंत स्वतःच म्हणतात की हा शाप माझ्याच इच्छेनं झाला. म्हणजे ढकलले गेले नाहीत, पाठवले गेले, आणि काम झाल्यावर परत आले. ते "सात जन्म भक्त की तीन जन्म वैरी" असं निवडायला सांगितलं ही गोष्ट आम्ही कीर्तनकार रंगवून सांगतो, लोकांना आवडते, पण भागवतात ती निवड नाही.

आता उलटी बाजू. साताऱ्यातच, सज्जनगडावर, समर्थ रामदासांची समाधी आहे. दासबोधाच्या चौथ्या दशकाचा दहावा समास काढून बघा, चार मुक्तींवर आहे. देवाच्या लोकात राहायला मिळालं ती सलोकता, जवळ राहायला मिळालं ती समीपता, देवासारखं रूप मिळालं ती सरूपता. समर्थ म्हणतात ह्या तिन्ही नाशिवंत. रूप देवासारखं मिळेल पण श्रीवत्स, कौस्तुभ आणि लक्ष्मी काही मिळत नाही, आणि सुकृत संपलं की ढकलून देतात. कल्पांताला सगळं ब्रह्मांडच जाणार, तेव्हा देवही जाणार, मग त्यांच्या लोकातली मुक्ती कुठली राहणार असं रोखठोक विचारतात. टिकणारी एकच, चौथी, सायुज्य, एकरूप होणं. म्हणजे गीतेतलं "जिथं गेल्यावर परत येत नाहीत ते माझं परम धाम" हे समर्थांच्या हिशोबात जागा नाहीच. आणि दक्षिणेतल्या रामानुजांच्या परंपरेला विचाराल तर ते म्हणतील वैकुंठ नित्य आहे, विरजा नदी ओलांडून जायचं असतं, आणि तिथं जीव वेगळा राहून कायम सेवा करतो. इस्कॉनवाले त्याच्याही वर गोलोक सांगतात. कैलास तर चक्क नकाशावर आहे, तिबेटात, ६,६३८ मीटर उंच, लोक त्याला प्रदक्षिणा घालून येतात, वैकुंठाला असा पत्ता नाही. तेव्हा मोबाईलवर ते "शास्त्रज्ञांना वैकुंठ सापडलं" असले व्हिडिओ येतात ते पुढं पाठवू नका, ज्यांनी वैकुंठ सांगितलं त्यांनीच ते चौदा लोकांच्या आणि काळाच्या पलीकडं सांगितलंय, ते दुर्बिणीत कुठनं येणार.

मग वारकऱ्यानं ह्यातलं काय धरायचं? माझं मत विचाराल तर इथंच सगळी मेख आहे आणि इथंच बहुतेक जण चुकीचा प्रश्न विचारतात. आपण विचारतो, आजी वैकुंठाला पोचल्या का. पण वारकरी संतांनी वैकुंठ मागितलंच नाही. कुणीतरी मागितलेलं दाखवा मला.

नामदेवराय म्हणतात, "आधी रचिली पंढरी, मग वैकुंठनगरी". पहिल्यांदा पंढरी झाली, वैकुंठ नंतरचं. आणि त्यांनी शेवटची जागा मागितली ती कुठं, तर पंढरपुरात महाद्वाराची पायरी, येणाऱ्या-जाणाऱ्या वारकऱ्याच्या पायाची धूळ लागावी म्हणून. तुमच्या आजींनी दरवर्षी ती पायरी बघितलीये, तिच्यावर पाय न देता पलीकडं गेल्यात. ज्ञानोबांचा हरिपाठ सुरूच कुठून होतो बघा, "देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी, तेणें मुक्ति चारी साधियेल्या". समर्थांनी एका समासात ज्या चार मुक्तींची वर्गवारी लावली त्या चारही दारात क्षणभर उभं राहून साधल्या, आत जायचीसुद्धा अट नाही. आणि ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात देव स्वतः अर्जुनाला सांगतो की मी वैकुंठात नसतो, सूर्याच्या बिंबात दिसत नाही, योग्यांच्या मनातनंही निघून जातो, पण हरवलो तर मला तिथं शोध जिथं माझा नामघोष चाललाय. त्याच्या थोडं अगोदर नाम घेणाऱ्यांबद्दल आहे की एखाद्यानं कधीतरी वैकुंठाला जावं, ते ह्यांनी अख्खं जगच वैकुंठ करून टाकलं.

तुकोबांचं तर अजून पुढचं. देहूतनं त्यांचं वैकुंठगमन फाल्गुन वद्य द्वितीयेचं, १६५० सालचं, बीजेला दुपारी नांदुरकीच्या झाडाखाली लाखानं माणूस जमतं. सगळ्या महाराष्ट्रात सदेह वैकुंठाला गेलेला माणूस म्हणून ज्याचं नाव घेतात तो मागतो काय? "न लगे मुक्ति धनसंपदा, संतसंग देई सदा", आणि शेवटी "गर्भवासीं सुखें घालावें आम्हासी". परत जन्माला घाल, खुशाल घाल. आणि एक काल्याचा अभंग आहे, "उपजोनियां पुढती येऊं, काला खाऊं दहीभात, वैकुंठीं तो ऐसें नाहीं, कवळ कांहीं काल्याचें". परत जन्म घेऊन येऊ आणि काल्याचा दहीभात खाऊ, वैकुंठात हा घास नाही मिळत. एकमेकांच्या तोंडात भरवू, हुंबरी घालू, वाळवंट बरं आहे. मी किती मोठमोठ्या वेदांत्यांची प्रवचनं ऐकली पण ह्या एका अभंगापुढं सगळं जरा फिकं वाटतं. जगभरचे धर्म माणसाला वर न्यायचं बोलतात आणि हा वाणी म्हणतोय वरती दहीभात नाही, मी खालीच बरा. त्यांनीच दुसरीकडं म्हटलंय, "आम्ही वैकुंठवासी, आलों याचि कारणासी". म्हणजे गाव तिकडचंच, कामाला इकडं आलोय.

आणि देवाला तरी तिथं कुठं करमतंय. आमच्या कराडचीच गोष्ट, सखूची. सासूनं खांबाला बांधून घातली, पंढरीला जाऊ देईना, तर वैकुंठीचा राणा स्वतः तिच्या जागी येऊन बांधून घेतो आणि सखूला वारीला पाठवतो, मग दळण, पाणी, सासूच्या शिव्या सगळं सोसतो. कथा आहे, खरी-खोटी करत बसू नका, पण आपल्या मुलखातल्या माणसांनी देवाबद्दल काय विचार केला तो ह्यात आहे. पुंडलिकानं वीट फेकली तर अठ्ठावीस युगं तो त्या विटेवरच आहे, वैकुंठ रिकामं पडलंय असं म्हटलं तरी चालेल. असो, मी वाहवत गेलो.

त्यामुळं तुमच्या आजी वैकुंठाला पोचल्या का ह्याचं माझं उत्तर असं, की त्या दरवर्षी कार्तिकीला चालत कुठं जात होत्या? भूवैकुंठ म्हणतात पंढरीला. त्या पोचलेल्याच होत्या, आता देह ठेवल्यावर पत्ता बदलला का नाही हे मला माहिती असायचं कारण नाही आणि कुणी महाराज छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला दक्षिणा कमी द्या.

दक्षिणायनाचं बोलायचं तर मला खरंच राग आला वाचून. गीतेत आठव्या अध्यायात दोन वाटा सांगितल्यात हे खरं, शुक्ल आणि कृष्ण, उत्तरायण आणि दक्षिणायन, भीष्म बाणांच्या शय्येवर उत्तरायणाची वाट बघत थांबले हेही खरं. पण ब्रह्मसूत्रात ह्यावर स्वतंत्र सूत्र आहे, "अतश्चायनेऽपि दक्षिणे", जाणता माणूस दक्षिणायनात गेला तरी त्याची गती अडत नाही. सूत्र राहू द्या, साधं सांगतो. ज्ञानेश्वर माऊलींनी आळंदीला समाधी घेतली ती तिथी कुठली? कार्तिक वद्य त्रयोदशी, १२९६. दक्षिणायन, वद्य पक्ष, अमावास्या दोन दिवसांवर. नामदेवराय गेले ते १३५० साली आषाढ वद्य त्रयोदशीला, परत तोच प्रकार. आता ज्यांनी येऊन सांगितलं त्यांना विचारा की माऊलींची पण शांत करायची राहिलीये का. घरातल्या बायकांना ह्या दोन तिथी सांगा, त्यांना पाठ असतील, फक्त ह्या बाजूनं विचार केला नसेल. शांतीबिंतीला पैसे घालू नका. तेवढ्यात वारकऱ्यांची एक पंगत उठते.

आता पिंडाचं, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण ह्याचं उत्तर भागवतात अगदी समोरासमोर दिलेलं आहे. नरसिंहानं हिरण्यकशिपूला मारलं, प्रल्हादानं वडिलांसाठी क्षमा मागितली, तर भगवंत म्हणाले की तुझ्यासारखा मुलगा पोटी आला तेव्हाच तुझा बाप एकवीस पिढ्यांसकट पवित्र झाला. संपला विषय, नाही का? नाही. लगेच पुढं सांगतात, आता तू त्याची प्रेतकार्यं कर. पवित्र झालेल्या बापाचीसुद्धा. देवानं स्वतःच्या हातानं मारलेल्या आणि स्वतःच्या तोंडानं उद्धरलेल्या माणसाची क्रिया जर मुलाला चुकली नाही तर आपण कोण.

म्हणजे क्रिया ही गेलेल्याला गती मिळाली का नाही ह्याच्या खात्रीवर अवलंबून नाही. ती मागं राहिलेल्याचं कर्तव्य. दहा दिवस पिंड, बाराव्याला सपिंडीकरण, म्हणजे गेलेला जीव पितरांच्या रांगेत मिसळतो, मग वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप धरून श्राद्धाला नावं घेतात. ही झाली कर्ममार्गाची व्यवस्था. वैकुंठ हा भक्तीचा विषय. दोन वेगळ्या वह्या आहेत, एकीतला हिशोब दुसरीत मांडायला गेलात की गोंधळ होतो, आणि आपल्या घराघरात तोच झालेला असतो. औदुंबरला, माहुलीला, हरिपूरच्या संगमावर, कराडला प्रीतिसंगमावर, जिथं सोयीचं असेल तिथं करा, कृष्णामाई सगळीकडं तीच. कावळा लवकर शिवला नाही तर घाबरून आजीच्या अपुऱ्या इच्छा शोधत बसू नका, हल्ली घाटावर कावळ्याला दिवसभर इतके पिंड असतात की त्याचं पोट भरलेलं असतं.

जाता जाता आपल्या लोकांच्या एका समजुतीबद्दल. मरताना तोंडात नाव आलं की झालं, म्हणून अजामिळाचा दाखला देतात. पोराचं नाव नारायण होतं, त्याला हाक मारली आणि विष्णुदूत आले. बरोबर, पण सहाव्या स्कंधात पुढं काय आहे ते कुणी सांगत नाही. विष्णुदूतांनी यमदूतांना हाकललं आणि ते निघून गेले, अजामिळ जिवंतच राहिला. मग त्यानं घरदार सोडलं, गंगाद्वाराला गेला, साधना केली, आणि त्यानंतर ते विमान आलं. तेव्हा आजी शेवटी बेशुद्ध होत्या, तोंडात नाव नव्हतं ही जी खंत तुम्ही लिहिलीये ती सोडा. देवाचं नाव घेणं त्यांचं आधीच करून झालं होतं. ध्रुवाची गोष्ट माहिती असेल, त्याला न्यायला विमान आलं तेव्हा त्याला आईची आठवण झाली, तिला टाकून कसा जाऊ म्हणून. तर न्यायला आलेल्या विष्णूच्या पार्षदांनी, म्हणजे सेवकांनी, बोटानं दाखवलं, सुनीती दुसऱ्या विमानात त्याच्याही पुढं चालली होती. तुमच्या आत्यांना ही गोष्ट सांगा.

राहिलं कार्ड. आमच्या भागात सरसकट कै. लावायची पद्धत आहे, शैव असो वैष्णव असो, साताऱ्यात माहुलीची स्मशानभूमीसुद्धा कैलास आणि पुण्यात नवी पेठेतली वैकुंठ, म्हणून सातारकर एकीकडं आणि पुणेकर दुसरीकडं जातात असं काही नाही. तुमच्या काकांचंही चुकीचं नाही, घरचं दैवत शिखर शिंगणापूरचा शंभूमहादेव असेल तर त्यांच्या तोंडी तेच येणार. विठोबाच्या मस्तकावर शिवलिंग आहे असं आपण मानतो, आणि कार्तिकात वैकुंठ चतुर्दशीला तर विष्णूला बेल आणि महादेवाला तुळस वाहतात, म्हणजे त्या दोघांचं आपसात काही भांडण नाही. पण आजी माळकरी होत्या, वारकऱ्यात वैकुंठवासी लिहायचा रिवाज आहे, नुसतं 'वै.' लिहिलं तरी चालतं, तेव्हा आत्यांचं ऐका. काकांचं नाव निमंत्रकात पहिलं टाका म्हणजे तेही गप्प बसतील.

तेराव्याला कीर्तन ठेवणार असाल तर महाराजांना आधी फोन करून सांगा की घाबरवणारा विषय नको, यमपुरीची वर्णनं नकोत, गरुडपुराण वाचायचं तर ते दहा दिवसांत वाचून होतं. "हेंचि दान देगा देवा" घ्या म्हणावं, ओळखीचा अभंग आहे, बायका बरोबर म्हणतील.

माळेचं असं आहे की माळकऱ्याची माळ बहुतेक घरांत देहाबरोबरच जाते. तुमच्या आजींची दवाखान्यात काढून ठेवली आणि नंतर गडबडीत घरीच राहिली, तर त्यात काही अशुभ नाही. ती दुसऱ्या कुणी गळ्यात घालू नये, घरात कुणाला माळ घालायची इच्छा झाली तर पंढरपूरला किंवा आळंदीला जाऊन एखाद्या महाराजांच्या हातून नवीन घाला, एकादशी आणि वर्षातनं एक वारी झेपणार असेल तरच. आजींची आहे ती देवघरात ज्ञानेश्वरीजवळ ठेवा, आणि घरातलं कुणी कार्तिकीला जाईल तेव्हा चंद्रभागेत सोडा. नुसती माळ सोडा फक्त, लोक प्लास्टिकच्या पिशवीसकट टाकतात.